गाऱ्हाण्यातलं नाव

माझे वडील तीन वेळा आमदारकीला उभे राहिले आणि तीनही वेळा आपटले. यात नवल काही नाही. दोन मोठे लढतात आणि बाकीचे आपटायलाच उभे असतात. पण बाबांना आमदार व्हायचंच नव्हतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांना हवं होतं ते आमच्या देवळात होतं, आणि ते मिळवायला त्यांनी विधानसभेची वाट धरली. असा उलटा रस्ता आमच्याकडचा माणूसच धरू जाणे.

मालवणच्या किनाऱ्यावर गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. रापणीचं जाळं समुद्रात लोटायचं असो, जत्रा असो, नाहीतर कोणाचा मुलगा बोटीवर नोकरीला निघालेला असो, गावकार हातात नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो. गावकार म्हणजे देवाचा पहिला मान ज्याच्या घराकडे तो. गावाच्या वतीने तो देवाशी बोलतो, आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तो काय म्हणाला हे कोणी ऐकत नाही. "बा देवा, ह्या सगळ्यांका उद्या समुद्रात बुडव," असं तो म्हणाला तरी आमचा गाव आधी "व्हय म्हाराजा" म्हणेल आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघेल.

जत्रेच्या मोठ्या गाऱ्हाण्यात गावातली घरं एकेक करून नावानिशी घेतात. आमचं घर त्यात नव्हतं. माझे आजोबा शिरोड्याहून रापण ओढायला आले आणि इथेच राहिले. बाबा इथे जन्मले, इथल्याच शाळेत नापास झाले, इथल्याच दोरीला त्यांच्या हाताची सालं गेली. तरी आम्ही उपरे. सगळी नावं घेऊन झाल्यावर गावकार शेवटी म्हणायचा, "आणि वांगडा ऱ्हवतत ते." वांगडा म्हणजे सोबत. त्या चार शब्दांत आम्ही, पोस्टमन आणि गोव्याहून आलेला एक पाववाला एवढे सगळे मावायचो. बाबांना ते चार शब्द दरवर्षी लागायचे. जत्रेच्या रात्री ते जेवायचे नाहीत. आई म्हणायची, "नाव घेतल्यान म्हणून देव काय तुमका मासे आणून देतलो? जेवा गप." पण ते जेवायचे नाहीत.

नव्याण्णव साली मुंबईहून एक माणूस एसटीने आला. दोन मोठ्या पक्षांना सोडून जो तिसरा एक पक्ष होता, त्याचा तो माणूस. त्यांना आमच्या मतदारसंघात नावापुरता कोणीतरी उभा हवा होता. तो आमच्या ओटीवर बसून पोटभर सुरमई जेवला आणि हात धुताना बाबांना उमेदवारी देऊन गेला. बाबांना बोलायला आवडायचं, एवढीच त्यांची लायकी. जिल्ह्यात त्या पक्षाचे अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकर्ते, सगळे मिळून बाबाच होते.

ते आधी देवळात गेले. मी तेव्हा शाळेत होते, परकर सावरत मागून गेले होते. सगळा गाव जमलेला. गावकाराने ऐकून घेतलं, पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "आमदार जावन तू काय करतलस रे?"

"माका आमदार जावचा नाय," बाबा म्हणाले. "माका माज्या घराचा नाव गाऱ्हाण्यात व्हया."

मग गावकार असा हसला की त्याच्या पोटावरचं जानवं हललं. "बरा तर. तू जिंक नको. ह्या आपल्या वाडीत पयलो ये. वाडीतली सगळ्यात जास्त मता तुका पडली, तर तुज्या घराचा नाव मी ह्या तोंडान घेतंय."

आणि लगेच त्याने नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजो लेकरू इलेक्शनाक उभो रवलो हा." "व्हय म्हाराजा!" "ह्येच्या पाठीशी सगळी वाडी रवतली." "व्हय म्हाराजा!" "सगळी मता ह्येकाच घालतली." "व्हय म्हाराजा!" शेवटच्या 'व्हय म्हाराजा'ला निम्मे लोक हसत होते. बाबांना ते हसणं आनंदाचं वाटलं. माणसाला जे हवं तेच ऐकू येतं, आणि बाबांचे कान त्या बाबतीत फारच गुणी होते.

घरी आले ते डोळे पुसत. "देवाच्या पुढ्यात सबूद दिल्यानी गो. आता कोण फिरतलो?"

आई मासे कापत होती. ती मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची आणि तिची जीभ तिच्या कोयतीपेक्षा धारदार होती. ती म्हणाली, "तेंचो व्हय म्हाराजा म्हणजे शिंक. इली काय इली. तिचो अर्थ काडीत बसा नको. आणि आयकून ठेवा, माजा मत काय मी तुमका देवचंय नाय."

त्या वर्षी चिन्ह मिळालं शिडी. बाबा सायकलच्या हँडलला बांबूची छोटी शिडी बांधून गावोगाव फिरले. पोरं ओरडायची, "आमदारानू, शिडी हाडलास ती बरी केलास, आमचो माड काढूक दिया!" बाबा एकदोन ठिकाणी खरोखर माडावर चढले. नारळ काढून दिले. मतं काही पडली नाहीत.

पण तेव्हा कागदाच्या मतपत्रिका होत्या आणि सगळ्या पेट्या एकत्र मिसळून मोजायचे. कुठल्या वाडीने कोणाला काय दिलं ते देवालाच ठाऊक. बाबांची अनामत गेली, तरी ते खुशीत. म्हणाले, "भायल्या गावांनी दिल्यानी नाय. पण आपल्या वाडयेची सगळी माकाच पडली." गावकाराने विचारलं, "दाखव." बाबा काय दाखवणार! जत्रेला गाऱ्हाण्यात आम्ही पुन्हा 'वांगडा ऱ्हवतत ते'.

तेव्हापासून ते 'आमदार' झाले. दोरी ओढताना, केस कापताना, तिरडी उचलताना सुद्धा. "आमदारानू, जरा खांदो सरळ करा." आई आमदारीण झाली आणि मी आमदाराचं चेडू. आमच्या गावात एकदा नाव पडलं की ते सरणावरच जळतं.

चार सालच्या निवडणुकीला यंत्रं आली. बाबा इतके खूश झाले की जणू ती त्यांच्यासाठीच बनवली होती. आता प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा कळणार होता. ते चवाट्यावर उभे राहून म्हणाले, "आता मिसळूचा नाय हां! कोणी काय केल्यान ता समाजतला!" हे सांगून आपण गावाला धमकी देतोय की स्वतःच्या अब्रूची दवंडी पिटतोय, याचा विचार त्यांनी केला नाही. गावकाराने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. गाव पुन्हा शिंकला.

चिन्ह या वेळी टेबल होतं. मी तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले होते. बाबांची पत्रकं मीच काढून द्यायचे आणि मालक नसताना दोन जास्त काढायचे. त्या आधीच्या आंगणेवाडीच्या जत्रेला बाबांनी मला बरोबर नेलं होतं. मसुऱ्याला उतरून आम्ही चालत गेलो. दोन्ही मोठ्या पक्षांचे पुढारी मानाच्या रांगेतून आत चालले होते, हार घालून, हात जोडून. बाबा त्यांच्या मागोमाग शिरले. स्वयंसेवकाने दंडाला धरून बाहेर काढलं. बाबा म्हणाले, "मी पण उमेदवार आहे." बाहेरच्या माणसाशी ते शुद्ध बोलायचे. स्वयंसेवक म्हणाला, "कसले?" मागच्या रांगेतून आमच्याच वाडीतला एकजण ओरडला, "शिडीचे! वायच वर चढाक दिया तेंका!" सगळी रांग हसली. मी हसले नाही, पण बाबांचा हातही धरला नाही. मला त्यांची लाज वाटली आणि लाज वाटली याचा त्यांच्यावरच राग आला.

निकालाच्या दिवशी आमच्या वाडीच्या यंत्रात बाबांच्या नावापुढे पाच मतं निघाली.

मला वाटलं, संपलं. गाव एक दिवस हसेल आणि विसरेल. पण आमचा गाव गजालीचा, म्हणजे गप्पाटप्पांचा, भुकेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा आला, बाबांचा हात हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आमदारानू, पाचातला एक माजा." बाबांनी त्याला चहा पाजला. दुपारी आणखी एक आला. संध्याकाळी दोन बायका आल्या. आठवडाभरात अर्धी वाडी येऊन गेली आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. पाचातला एक माजा. बाबा प्रत्येकाला चहा देत राहिले. त्यांना हिशेब कळत नव्हता असं नाही. पण समोर उभा राहून जो माणूस 'मी तुझा' म्हणतोय, त्याला खोटा म्हणण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. शेवटी गावकार स्वतः आला, ओटीवर टेकला, म्हणाला, "त्या पाचातला एक माजापण हां." मागे दारात सगळे उभे होते. तेव्हा मात्र हशा फुटला, आणि बाबा हातातला कप घेऊन तसेच उभे राहिले.

आई आतून म्हणाली, "त्या पाचात माजा नाय." सबंध गावात तेवढं एक वाक्य खरं होतं.

मधल्या वर्षांत मला बघायला कोणी कोणी आले. एक मुलगा वेंगुर्ल्याचा होता, बंदरावर बर्फाच्या कारखान्यात. पोहे खाऊन झाले, सगळं जुळत आलं, आणि मुलाच्या मामाने पाणी पिता पिता विचारलं, "म्हणजे ह्येका आमदाराचो जावय म्हणूक व्हया काय?" त्याला कोणीतरी गावातून शिकवूनच पाठवलं होतं. मुलगा खाली मान घालून हसला. मी आत गेले ती बाहेर आले नाही. बाबा मात्र त्या मामाला आपला पुढचा जाहीरनामा समजावून सांगत बसले होते. त्या दिवशी त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं मला, हे मी उगाच लपवत नाही. शिरा पडो त्या निवडणुकीवर!

नऊ साली ते तिसऱ्यांदा उभे राहिले. चिन्ह टोपली. आई हातातली मासळीची टोपली दाखवून म्हणाली, "आता ह्या पण सोडूक नाय तुमी?"

त्या पावसाळ्यात व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, वाहून गेला होता. पोरं छातीभर पाण्यातून शाळेला जात होती आणि दोन्ही पक्षांनी नुसती आश्वासनं दिली होती. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली आणि गावाने देवळात बैठक बोलावली. मतदानावर बहिष्कार घालायचा. मी बाबांच्या मागे बसले होते. त्यांची मान ताठ झालेली मला दिसली. ते उठले.

"गावकारानू, बहिष्कार घालूया. पण तेंका घालूया. मी काय केलंय? साकव मी व्हावन नेलंय?"

"म्हणजे गावान मत घालूचा नाय, फक्त तुका घालूचा?" गावकार म्हणाला. "बरो आसस हां आमदारा!"

हशा संपायच्या आत त्याने नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा, साकव होवसर ह्या गावातलो एकव माणूस मत घालूचो नाय." "व्हय म्हाराजा!" "जो कोण घालतलो, तेका तू बघून घे." "व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात बाबांचा आवाज होता. मी स्वतः ऐकला. लहानपणापासूनची सवय, गावकार थांबला की जीभ आपोआप उठते. दोन शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना कळलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. घरी येताना ते म्हणाले, "माज्या तोंडातसून गेला गो." आणि मग, जरा वेळाने, "आता गेला ता गेला. देवाक सबूद दिलंय." सगळ्या गावात 'व्हय म्हाराजा'ला शब्द समजणारा हा एकच शहाणा निघाला.

मतदानाच्या दिवशी सगळे बाप्ये चवाट्यावर पिंपळाच्या पारावर बसले, शाळेकडे कोण जातं ते बघायला. मतदान शाळेतच होतं. बाबांनाही बोलावलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना पारावर बसायला जागा करून दिली, कोणीतरी विडी पुढे केली. स्वतःच्या निवडणुकीच्या दिवशी स्वतःला मत पडू नये म्हणून पहारा देत बाबा तिथे बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं इतकं समाधान होतं. हवं होतं ते हेच तर होतं. पंगतीत जागा.

दुपारी आई टोपली डोक्यावर घेऊन पारावरून गेली.

"खंय चललस गो?" कोणीतरी विचारलं.

"शाळेत. मत घेवक इलेली माणसा सकाळपासून माशी मारीत बसली आसत. बांगडे घेतत काय बघतंय."

"आमदारीण सरकाराक बांगडे इकता!" पार हसला. बाबाही हसले. त्यांच्या हसण्याचा आवाज आईने ओळखला, असं तिने मला पुढे एकदा सांगितलं. तिथवर ती खरोखर मासे विकायलाच निघाली होती की नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही.

शाळेच्या बाहेर चुन्याच्या रेषेपाशी पोलिसाने अडवलं. "बाई, टोपली आत नेता येणार नाही. टोपली चिन्ह आहे." आईने टोपली त्याच्याच हातात दिली आणि म्हणाली, "तर मग धरा. मांजर येता." आत गेली. सकाळपासून रिकामे बसलेले चार कर्मचारी तिला बघून उठून उभे राहिले. तिच्या आयुष्यात कोणी सरकारी माणूस तिच्यासाठी उठला असेल तर तेव्हाच. बोटाला शाई लावली, तिने बटण दाबलं, यंत्र ओरडलं. "इतक्या मोठ्यान वराडला मेला," ती म्हणाली, "माका वाटला आता सगळो पार धावान येता." मग तिने बाहेर येऊन त्यांना बांगडे विकले, पदराखाली हात धरून घरी आली आणि बोटाला चिंधी गुंडाळली. आम्हाला म्हणाली, शेंगाळ्याचा काटा लागला. कोळणीच्या बोटाला चिंधी असणं म्हणजे काही बातमी नाही. कोणी विचारलंही नाही. संध्याकाळी यंत्र गेलं आणि गावाने फटाके लावले. एकही मत नाही!

मोजणीला बाबा आणि त्यांची प्रतिनिधी म्हणून मी, असे दोघेच गेलो. बाबा जायला नकोच म्हणत होते. पण मोठ्या पक्षांच्या लोकांना आमच्या वाडीची शून्यं बघताना त्यांना बघायचं होतं. जाळीमागे आम्ही उभे राहिलो. आमच्या वाडीचं यंत्र टेबलावर आलं. कर्मचाऱ्याने बटण दाबलं. पहिला उमेदवार, शून्य. दुसरा, शून्य. तिसरे बाबा. एक. पुढचे सगळे शून्य.

"परत दाबा बघू," बाबा म्हणाले.

त्याने परत दाबलं. "काका, कितीदा दाबलं तरी एकच राहणार."

"ते ठीक आहे साहेब. पण बाकी सगळे शून्य ना?"

"हो."

"म्हणजे या केंद्रावर मी पहिला."

कर्मचारी हसला. "हो काका. तुम्ही पहिले."

बाबांनी जाळी दोन्ही हातांनी धरली. एसटीत ते माझ्या शेजारी बसले. मग एकदम म्हणाले, "देवान घातल्यान. गावान सबूद पाळल्यान, मी पाळलंय, मगे ऱ्हवलो कोण? देवच." मला आईच्या बोटावरची चिंधी आठवली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी आईलाही तेच सांगितलं, देवाचं मत. आईने ऐकून घेतलं, चिंधी सोडली आणि बोट त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. नखाच्या मुळाशी शाई काळी पडली होती. "ह्यो तुमचो देव," ती म्हणाली. "धा वर्सा तुमचा ता नाव आयकून कान किटले माजे. झालास पयले. आता माजो जीव सोडा."

मला वाटलं ते रडतील, किंवा तिच्या पाया पडतील. निदान म्हणतील की तू देवाचा शब्द मोडलास. ते म्हणाले, "कोणी बघल्यान नाय मां?" आणि पायात चपला घातल्या.

मी मागून धावले. मला कळलं होतं ते कुठे चालले आहेत. वाटेत दोनदा म्हटलं, बाबा, नको. ते गावकाराच्या अंगणात उभे राहिले. तिथे नेहमीची माणसं होती. बाबांनी सांगितलं, वाडीत मी पहिला. तोवर निकालाची बातमी पोहोचलीच होती, आणि कोणी हसत नव्हतं. बहिष्कार फुटला होता.

"सबूद म्हणजे सबूद," गावकार म्हणाला. "मी तुज्या घराचा नाव घेतंय. पण ता एक मत कोणी घातल्यान, ता आदी सांग."

त्यांना 'देवाने' म्हणता आलं असतं. 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "माज्या बायलेन."

गावकाराने मान हलवली. "बरा. जत्रेक येवा दोगाय."

त्या दिवसापासून बाजारात आईच्या शेजारच्या बायकांनी आपल्या टोपल्या सरकवून घेतल्या. काही दिवस तिच्याशी गावातलं कोणी बोललं नाही. तिने बाबांना काही विचारलं नाही. मला वाटतं तिला अंगणातलं सगळं कळलं होतं. आमच्या गावात असली गोष्ट माणसाच्या आधी घरी पोहोचते.

जत्रेच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. बायका देवळाबाहेर, पायरीशी उभ्या होत्या. गावकाराने एकेक घर घेतलं. मग 'वांगडा ऱ्हवतत ते' म्हणायच्या जागी तो थांबला. त्याने आमचं आडनाव घेतलं, आजोबांचं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं. मोठ्याने, सावकाश, एकही अक्षर न गाळता. "ह्या घराच्या बायलमाणसान तुज्या पुढ्यात दिलेलो गावाचो सबूद मोडलो, म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" "ता तिचा चुकला माकला पोटात घाल." "व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या एक क्षण आधी बाबांचा आवाज आला. तो थरथरत होता, पण दुःखाने नाही. मी आईकडे पाहिलं. तिच्या बोटावर शाईचा एक ठिपका अजून उरला होता. ती म्हणाली, "घेतल्यान एकदाचा," आणि पदर सारखा केला.

त्यानंतर बाबा कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पक्षाचा माणूस विचारायला आलाही नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे दहा साली, जत्रेच्या आधी गावकार स्वतः आमच्या ओटीवर आला. साकवाचं काम सुरू झालं होतं आणि गावाचा राग ओसरला होता. आई मागच्या दारी खवले काढत बसली होती. गावकार आवाज बारीक करून बाबांना म्हणाला, "औंदा ता गाळूया रे. वर्साचो दिवस, सगळ्या गावासमोर बाईमाणसाक तसा म्हणाक माका पण बरा वाटणा नाय."

"गाळूया म्हणजे?" बाबांनी विचारलं. "मगे नाव?"

"नाव कसा घेतलंय? ता गाळला काय नाव पण गेला. पयल्यासारखा, वांगडा ऱ्हवतत ते."

मागच्या दारी कोयती थांबली. मी ओटी आणि मागचं दार यांच्या मध्ये उभी होते. मला दोघं दिसत होती. बाबांनी आईकडे मान वळवली नाही. ते बराच वेळ बोटं मोडत बसले, आणि मग म्हणाले, "ऱ्हवांदे. आसा ता आसांदे."

मागच्या दारी कोयती पुन्हा चालू झाली.

जत्रेला गावकाराने तेच गाऱ्हाणं घातलं. आडनाव, आजोबा, बाबा, आणि आईची चूक. गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. बाबा सगळ्यांच्या वर ऐकू आले. परत येताना ते माझ्याबरोबर पुढे चालत होते, लहान मुलासारखे भराभर.

"आयकलंस मां?" ते म्हणाले. "गेल्या वर्सा सगळ्यांच्या शेवटाक होता. औंदा साकवाक वर्गणी दिल्यान म्हणून पोस्टमनाचापण नाव घेतल्यान, पण आमच्या मागसून. आमचा आदी."

आई मागून रिकामी टोपली घेऊन येत होती. घर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.